दगडांतील अरण्य : डॉ. बिरबल साहनी

कोनशिला म्हटली म्हणजे संगमरवराची एक गुळगुळीत पाटी आपल्या डोळ्यांपुढे येते. तिच्यावर ती बसविणाऱ्या पाहुण्यांचे नाव आणि समारंभाची तारीख कोरलेली असते. परंतु लखनौ शहरात ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते जी कोनशिला बसविण्यात आली, ती या सर्वांहून निराळी होती. ती सिमेंटमध्ये घडविलेली एक शिला होती आणि तिच्यात देशोदेशींचे, निरनिराळ्या युगांतील जीवाश्म जडविलेले होते. जीवाश्म म्हणजे दगडांत जपून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष. ज्या वृक्षांना कोणत्याही माणसाने कधी पाहिले नाही, त्या वृक्षांची चिन्हे त्या एका शिलेत एकत्र नांदत होती.

ही आगळी कोनशिला ज्यांच्या कल्पनेतून निर्माण झाली, ते डॉ. बिरबल साहनी त्या दिवशी समारंभाचे यजमान होते. आयुष्यभर उराशी बाळगलेले एक स्वप्न त्यांच्या डोळ्यांदेखत साकार होऊ लागले होते. त्यानंतर आठवडाही पुरता उलटण्याच्या आत काय घडणार आहे, याची मात्र त्या मंडपात कोणालाच कल्पना नव्हती. तो प्रसंग जाणून घेण्यापूर्वी या थोर शास्त्रज्ञाचे चरित्र आपण पाहू.

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. योगायोग असा, की पंडित नेहरूंची जन्मतारीखही हीच. ते साहनींहून दोन वर्षांनी वडील होते. भेरा हे झेलम नदीच्या काठचे गाव. आज ते पाकिस्तानात आहे. गावाच्या उत्तरेस मिठाची प्रसिद्ध डोंगररांग पसरलेली आहे. तेथील खेवड्याच्या खाणींतून खडे मीठ काढले जाते. तांबूस रंगाचे ते खडक आणि त्यांत दडलेले प्राचीन जीवांचे अवशेष यांमुळे भूशास्त्राच्या अभ्यासकांना ती डोंगररांग म्हणजे एक उघडा ग्रंथच वाटतो. या डोंगररांगेचा आणि साहनींचा पुढे पुन्हा एकदा संबंध यावयाचा होता.

त्यांचे वडील लाला रुचिराम हे लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. रुचिरामांचे स्वतःचे बालपण हालांत गेले होते. वडिलांचा व्यापार बुडाल्यामुळे त्यांना कष्टाने शिक्षण घ्यावे लागले. शाळेसाठी पाठीवर पुस्तके बांधून त्यांनी दूरदूरची वाट पायी तुडविली होती. पुढे प्राध्यापक झाल्यावर आपले ज्ञान महाविद्यालयाच्या चार भिंतींत कोंडून ठेवणे त्यांना रुचले नाही. गावोगाव हिंडून ते सामान्य लोकांना त्यांच्याच पंजाबी भाषेत विज्ञानावर व्याख्याने देत. पन्नाशी उलटून गेल्यावरही त्यांची ज्ञानाची तहान शमली नव्हती. १९१४ साली ते इंग्लंडला गेले आणि मँचेस्टर येथे रुदरफर्ड या जगद्विख्यात शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणे काम करू लागले.

अशा पित्याच्या घरी मुलांना पुस्तकांची वाण नव्हती. पण रुचिरामांचा खरा भर होता तो निसर्गावर. सुटी लागली, की मुलांना घेऊन ते हिमालयाची वाट धरीत. पाठीवर शिदोरी, पायांखाली दगडगोट्यांची अरुंद पाऊलवाट आणि समोर बर्फाच्छादित शिखरे, असा तो प्रवास दिवसच्या दिवस चाले. रोहतांगची खिंड, झोजी ला, अमरनाथ, माचोईची हिमनदी अशी कितीतरी दुर्गम स्थळे बिरबलने कोवळ्या वयातच पाहिली. वाटेत दिसणारी वनस्पती तो खुडून घेई, दोन कागदांमध्ये दाबून वाळवी आणि तिची नोंद ठेवी. चित्रविचित्र दगडही गोळा करी. पुढे हिमालयातील त्याच्या भ्रमंतीत एखादी हुकर यांची वनस्पतींवरील जाडजूड पुस्तके त्याच्यासोबत असत. हा छंद पुढे आपले जीवनकार्य ठरणार आहे, हे त्या मुलाला तेव्हा ठाऊक नसेल. पण पाहण्याची, टिपण्याची आणि जपून ठेवण्याची सवय त्याला तेथेच जडली.

लाहोरला बिरबलचे शालेय शिक्षण झाले. सरकारी महाविद्यालयात त्याला शिवराम कश्यप यांच्यासारखे वनस्पतिशास्त्राचे निष्णात गुरू लाभले. १९११ साली तो पदवीधर झाला. आता पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्या काळी हुशार मुलाने विलायतेस जावे, आय.सी.एस. ची परीक्षा द्यावी आणि मोठा अधिकारी होऊन यावे, असे बहुतेक पालकांना वाटे. रुचिरामांचीही हीच इच्छा होती. त्यांनी मुलाच्या प्रवासाची तयारी सुरू केली. बिरबलपुढे मोठे धर्मसंकट उभे राहिले. वडिलांविषयी त्याच्या मनात नितांत आदर होता आणि त्यांचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती. तरीही त्याने धीर करून आपले मन त्यांच्यापुढे उघडे केले. आज्ञाच असेल तर आपण ती पाळू, परंतु आपले मन वनस्पतिशास्त्रात रमते आणि त्यातच आपल्याला संशोधन करावयाचे आहे, असे त्याने नम्रपणे सांगितले. रुचिराम विचारी होते. मुलाचा निश्चय पाहून त्यांनी आपला आग्रह सोडला. सत्ता, पगार आणि मानमरातब यांची हुकमी वाट सोडून बिरबल केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात वनस्पतींचा अभ्यास करण्यासाठी दाखल झाला.

१९१४ साली केंब्रिजची पदवी मिळवून साहनींनी प्राध्यापक सीवर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनास आरंभ केला. सीवर्ड हे प्राचीन वनस्पतींचे मोठे जाणकार होते. साहनींचा आरंभीचा एक निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला. तो गिंको नावाच्या वृक्षाविषयी होता. हा वृक्ष मूळचा चीन देशातील. त्याचे भाऊबंद कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झाले आणि हा एकटाच मागे उरला. गिंकोच्या बीजांडात साहनींना परक्या वनस्पतीचे परागकण शिरलेले आढळले. वाऱ्याने ते तेथे येऊन पडले होते. यावरून त्यांनी एक मोलाचा इशारा दिला. जीवाश्म झालेल्या बीजांडात परागकण सापडला, तर तो त्याच वनस्पतीचा असेल असे धरून चालू नये. तो परकाही असू शकेल. बाहेरून आत शिरलेली वस्तू संशोधकाला कशी चकविते, हे त्या तरुणाने ओळखले होते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्याच सुमारास सीवर्ड यांच्याकडे दूरच्या अंटार्क्टिका खंडातून आलेले काही दगड अभ्यासासाठी होते. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती १९१२ साली बर्फात मरण पावले. अन्न संपत आले होते, पाय उचलत नव्हते. तरीही वाटेत गोळा केलेले सुमारे सोळा किलो वजनाचे दगड त्यांनी अखेरपर्यंत टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. जिभेच्या आकाराचे हे पान भारतातील दगडी कोळशाच्या थरांतही विपुल सापडते. आपल्या नागपूरजवळील कामठीच्या खडकांतही ते आहे. सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी त्या अरण्यांचा पाला आणि लाकूड दलदलीत गाडले जाऊन त्यांचाच पुढे कोळसा झाला. आज जेथे बर्फाखेरीज काही दिसत नाही, तेथे एके काळी अरण्य होते, आणि तेच अरण्य भारतातही होते! हे कसे घडले असावे, हा प्रश्न साहनींच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला असेल, तर नवल नाही.

१९१९ साली लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून साहनी मायदेशी परतले. इंग्लंडमध्ये राहून संशोधन करणे त्यांना अवघड नव्हते. परंतु भारताच्या भूमीत दडलेल्या वनस्पतींचा अभ्यास भारतात, भारतीयांनीच केला पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटे. तोपर्यंत आपल्याकडील जीवाश्मांवर बहुतेक काम युरोपीय पंडितांनीच केले होते. सीवर्ड आणि साहनी यांनी मिळून या जुन्या कामाची फेरतपासणी केली आणि १९२० साली ती प्रसिद्ध झाली. बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ अध्यापन केल्यावर १९२१ साली नव्यानेच स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठात साहनी वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढील अठ्ठावीस वर्षे लखनौ हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

१९२० साली सावित्रीदेवी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. सावित्रीदेवी केवळ गृहिणी राहिल्या नाहीत. पतीबरोबर त्या डोंगरदऱ्यांत हिंडल्या, जीवाश्म गोळा करण्यास त्यांनी हातभार लावला आणि त्यांची चित्रे व छायाचित्रे काढली. साहनी विद्यापीठात खादीचा पोशाख करीत. एवढे मोठे प्राध्यापक असूनही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकविणे त्यांना कमीपणाचे वाटत नसे. पाया पक्का असेल तरच इमारत टिकते, हे त्यांना ठाऊक होते.

दगडातील वनस्पती वाचावयाची कशी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. समजा, एखादे प्राचीन खोड जमिनीत गाडले गेले. खनिजे विरघळलेले पाणी त्याच्या कणाकणात झिरपत राहिले. हळूहळू लाकडाची जागा गारगोटीसारख्या कठीण द्रव्याने घेतली. बाहेरून पाहावे तर तो केवळ दगड. परंतु त्याच्या आत लाकडाची बारीकसारीक रचना जशीच्या तशी टिकून राहते. संशोधक अशा दगडाची करवतीने पातळ चकती कापतो, ती काचेवर चिकटवितो आणि बारीक भुकटीने घाशीत राहतो. घाशून घाशून ती चकती इतकी पातळ होते, की तिच्यातून प्रकाश आरपार जाऊ लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या मृत वृक्षाच्या पेशी जिवंत वृक्षाच्या पेशींसारख्या स्पष्ट दिसू लागतात. हात जरा जड पडला, तर चकती मोडते आणि जगात एकुलता एक असलेला पुरावा कायमचा नष्ट होतो. या कामाला विद्वत्तेइतकीच सबुरी लागते. ती साहनींपाशी भरपूर होती.

या सबुरीचे फळ म्हणजे राजमहालच्या टेकड्यांतील त्यांचे संशोधन. या टेकड्या आज झारखंड राज्यात आहेत. तेथील निपानिया या लहानशा गावाजवळ निरनिराळे अवशेष सापडले होते. खोड एकीकडे, पान दुसरीकडे, फळ तिसरीकडे, अशी त्यांची फाटाफूट झालेली होती. फुटलेल्या मडक्याचे तुकडे जुळवावेत, तसे ते अवशेष वर्षानुवर्षे जुळवून साहनींनी एका अज्ञात वनस्पतिकुळाचे चित्र उभे केले. तिच्या खोडात लाकडाचे बहुधा पाच निरनिराळे स्तंभ असत; म्हणून तिला पेंटॉक्सिलॉन, म्हणजे पाच काष्ठांची, असे नाव मिळाले. सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी नांदलेल्या या कुळाचा वृत्तान्त त्यांनी १९४८ साली जगापुढे मांडला. तेथील विल्यमसोनिया नावाच्या दुसऱ्या एका वनस्पतीचेही संपूर्ण रूप त्यांनी अशाच रीतीने रेखाटून दाखविले.

साहनींच्या दृष्टीने जीवाश्म म्हणजे नुसत्या नावांची यादी नव्हती. वनस्पती जेथे उगवते, तेथील हवा, पाणी आणि जमीन यांची साक्ष ती देते. निवडुंग दिसला की कोरडी जमीन आणि कमळ दिसले की तळे, हे आपण सहज ओळखतो. हाच न्याय त्यांनी प्राचीन वनस्पतींना लावला आणि पृथ्वीच्या इतिहासातील मोठमोठ्या प्रश्नांचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला.

ग्लोसोप्टेरिसचेच उदाहरण पाहा. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यांनी १९१२ साली असा विचार मांडला होता, की पृथ्वीवरील खंडे एके काळी एकत्र होती आणि नंतर ती सरकत सरकत एकमेकांपासून दूर गेली. त्या काळच्या पुष्कळ पंडितांनी या विचाराची थट्टा केली. साहनींनी तो हसण्यावारी नेला नाही. १९३६ साली त्यांनी वनस्पतींच्या पुराव्यावर तो पारखून पाहिला. भारतातील ग्लोसोप्टेरिसची अरण्ये आणि त्याच काळातील चीन व सुमात्रा येथील अरण्ये यांत फारच थोडे साम्य आहे. आज हे प्रदेश एकमेकांच्या शेजारी असताना त्यांच्या वनस्पती इतक्या भिन्न का असाव्यात? एके काळी या दोहोंमध्ये विस्तीर्ण समुद्र होता आणि भूमी सरकल्यामुळे ते पुढे जवळ आले, असे मानले तर हे कोडे सुटते. खंडे सरकतात, ही गोष्ट आज सर्व शास्त्रज्ञांना मान्य आहे. परंतु ती मान्य होण्यास वेगेनर आणि साहनी या दोघांच्याही निधनानंतर बरीच वर्षे जावी लागली.

दुसरा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला अगदी जवळचा आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठा व वेरूळ येथील लेणी, आपले गडकिल्ले ज्या काळ्या कातळात घडले आहेत, तो कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. जमिनीला पडलेल्या भेगांतून हा रस पुन्हा पुन्हा उसळला आणि त्याचे थरावर थर साचत गेले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात भूमी शांत असे. तळी भरत, झाडे वाढत, प्राणी वावरत. पुढे पुन्हा लाव्हा येई आणि ते सारे गाडून टाकी. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेले तळ्यांच्या गाळाचे हे पातळ थर साहनींनी आणि त्यांच्या शिष्यांनी बारकाईने तपासले. नागपूरच्या उत्तरेस, तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर आणि मोहगाव कलान येथे त्यांना ताडवृक्षांची खोडे, पाणनेचे, नाना तऱ्हेची फळे आणि बीजे यांचा मोठा खजिना लाभला. त्यांत निपा नावाच्या ताडाचे फळही होते. निपा आज सुंदरबनात, खाडीच्या खारट चिखलात वाढतो. सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेल्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या मुलखात खाडीकाठचे झाड कोठून आले? त्या काळी समुद्राचा एखादा फाटा या भागाच्या जवळ पोचला असावा आणि तेथील हवा उष्ण व दमट असावी, असे अनुमान त्यावरून निघाले.

हा काळा कातळ नेमका कोणत्या युगातला, याविषयी तेव्हा वाद होता. साहनींनी वनस्पतींच्या आधारे तो डायनोसॉरांच्या नंतरच्या युगातला ठरविला. आज खडकांचे वय मोजण्याच्या नव्या पद्धती उपलब्ध आहेत. त्यांवरून असे दिसते, की लाव्ह्याचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरांचे युग संपण्याच्या आणि नवे युग सुरू होण्याच्या सीमेवरच झाले. साहनींचे उत्तर पुरते खरे ठरले नाही, पुरते चुकीचेही ठरले नाही. परंतु तो प्रश्न वनस्पतींना विचारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

काश्मीरमधील करेवा नावाच्या पठारांवरही त्यांनी असेच काम केले. एका प्राचीन सरोवराच्या गाळाची ही पठारे. त्यांतील उंचावरच्या थरांत शिंगाड्यासारख्या पाणवनस्पतींचे अवशेष सापडले. एवढ्या थंड उंचीवर शिंगाडा उगवत नाही. तेव्हा हा गाळ साचला त्या वेळी ती भूमी पुष्कळ सखल होती आणि नंतर ती वर उचलली गेली, असा निष्कर्ष निघाला. पृथ्वीवर मानव अवतरल्यानंतरही हिमालय वाढत होता, हे त्यांनी या पुराव्याच्या बळावर मांडले.

आता त्यांच्या आयुष्यातील एक निराळा प्रसंग सांगावयास हवा. भेऱ्याजवळच्या त्या मिठाच्या डोंगराचे वय किती, हा भूशास्त्रातील एक जुना वाद होता. मिठाच्या वर अतिप्राचीन खडक आहेत. म्हणून मीठ त्यांहूनही जुने असले पाहिजे, असे काही जण म्हणत. वरचे खडक भूकंपाच्या हालचालींत मागाहून ढकलले जाऊन मिठावर चढले असतील, असे दुसऱ्यांचे मत होते. साहनींनी मिठाचे आणि त्याच्या शेजारच्या खडकांचे नमुने विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना सपुष्प वनस्पतींच्या लाकडाचे सूक्ष्म कण आढळले. फुले येणाऱ्या वनस्पती पृथ्वीवर फार उशिरा आल्या. तेव्हा मीठही अर्वाचीन असले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९४४ साली या प्रश्नावर विद्वानांचा परिसंवाद झाला आणि तेथे त्यांनी आपली बाजू हिरिरीने मांडली.

पुढील संशोधनाने मात्र त्यांचे मत चुकीचे ठरविले. ते मीठ सुमारे चौपन्न कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचे, म्हणजे जमिनीवर वृक्ष उगवण्याच्या कितीतरी आधीचे आहे. ते सूक्ष्म कण पुष्कळ काळानंतर बाहेरून आत शिरले असावेत. गिंकोच्या बीजांडातील परका परागकण तुम्हांला आठवत असेल. तरुणपणी ज्यांनी इतरांना सावध केले, त्याच थोर संशोधकाला उतारवयात, तेही आपल्याच बालपणाच्या डोंगरात, तसल्याच परक्या कणांनी चकविले. यामुळे साहनींचे थोरपण उणे होत नाही. त्यांनी आपला पुरावा लपविला नाही. विरोधकांना बोलावून तो सर्वांपुढे उघडा ठेवला. म्हणूनच तो पुढे तपासता आला आणि चूक सापडली. विज्ञानात मोठ्या माणसाचा शब्द हा शेवटचा शब्द नसतो, हा धडा या प्रसंगातून आपल्याला मिळतो.

साहनींची जिज्ञासा वनस्पतींपुरतीच नव्हती. १९३६ साली रोहतकजवळील खोकराकोट या टेकाडावर हिंडत असताना त्यांना मातीचे काही भाजलेले तुकडे दिसले. दुसऱ्या कोणी ते खापर म्हणून पायाने उडविले असते. साहनींनी ते निरखून पाहिले. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या यौधेय लोकांची नाणी ओतण्याचे साचे होते! त्यांवरून प्राचीन भारतात एका वेळी अनेक नाणी कशी ओतीत असत, हे त्यांनी उलगडून दाखविले आणि १९४५ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दगडातील पान पाहणाऱ्या डोळ्यांना खापरातील इतिहासही दिसला.

त्यांच्या कार्याचा गौरव देशात आणि परदेशांत झाला. १९२९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व बहाल केले. १९४० साली भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष झाले. परंतु त्यांचे मन रमले होते ते एकाच स्वप्नात. प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासाला वाहिलेली एक स्वतंत्र संस्था भारतात उभारावी, असे ते स्वप्न होते. १९४६ साली त्यांनी आणि सावित्रीदेवींनी त्यासाठी विश्वस्त निधी स्थापन केला. आपली पुंजी, आपला ग्रंथसंग्रह आणि जन्मभर जमविलेले जीवाश्म त्यांनी या कार्याला अर्पण केले. त्याच वर्षी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातच संस्थेचे काम सुरू झाले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण फाळणीमुळे साहनींचे जन्मगाव आणि लाहोर ही दोन्ही सीमेपलीकडे गेली. या दुःखाने ते खचले नाहीत. पुढच्याच वर्षी सरकारने संस्थेला लखनौत जागा दिली आणि ३ एप्रिल १९४९ रोजी ती आगळी कोनशिला बसली.

आणि मग दैवाने घाला घातला. समारंभाचे श्रम, अविरत काम आणि काळजी यांनी थकलेल्या साहनींना हृदयविकाराचा झटका आला. समारंभाला सात दिवसही पुरते झाले नव्हते. ९ एप्रिल उलटून १० एप्रिल लागण्याच्या सुमारास, मध्यरात्री, त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावन्न वर्षांचे होते. पुढील वर्षी स्टॉकहोम येथे भरणाऱ्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेचे सन्माननीय अध्यक्षपद त्यांना देण्यात आले होते; ते भूषविण्यास ते उरले नाहीत.

आता त्या कोनशिलेचे काय होणार? पाया भरलेला, पण भिंती उभ्या नाहीत. संस्था आहे, पण तिचा प्राण हरपलेला. अशा वेळी सावित्रीदेवी पुढे झाल्या. अखेरच्या क्षणी पतीने संस्थेची जोपासना करण्याची जबाबदारी आपल्यावर सोपविली आहे, ही जाणीव ठेवून त्यांनी दुःख गिळले आणि संस्थेचा कारभार हाती घेतला. साहनींच्या सहकाऱ्यांनी व शिष्यांनी त्यांना साथ दिली. इमारत पूर्ण झाली आणि २ जानेवारी १९५३ रोजी पंडित नेहरूंच्याच हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. भारत सरकारने पुढे सावित्रीदेवींना पद्मश्री देऊन गौरविले.

आज ती संस्था बिरबल साहनी यांच्याच नावाने ओळखली जाते. प्राचीन वनस्पतींबरोबरच प्राचीन हवामान, सरोवरांचा गाळ, हिमनद्या, परागकण यांचा अभ्यास तेथे चालतो. पृथ्वीची हवा पूर्वी कशी पालटली हे कळले, तर ती पुढे कशी पालटेल याचा अंदाज बांधण्यास मदत होते. म्हणून या ज्ञानाचे मोल आज अधिकच वाढले आहे. संस्थेच्या आवारात साहनींची समाधी आहे. दर वर्षी १४ नोव्हेंबरला, म्हणजे तुम्ही बालदिन साजरा करता त्याच दिवशी, तिच्यावर फुले वाहिली जातात.

वाटेवरचा दगड आपण रोज ओलांडून जातो. एखाद्या दिवशी थांबून तो उचलावा, उलटून पाहावा. त्यात कदाचित काहीच नसेल. कदाचित एखाद्या पानाची पुसट रेघ असेल. ती रेघ दिसण्यासाठी डोळे हवेत, आणि ती वाचण्यासाठी जन्मभराची सबुरी हवी. डॉ. बिरबल साहनी यांनी दगडांतील ते अरण्य वाचले, आणि आपल्यामागून येणाऱ्यांना ते वाचता यावे म्हणून आपले सर्वस्व वेचले.